साथीची वर्दी

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या ताप्ती खोऱ्यातील लोहमार्गावर नवापूर नावाचे जे स्थानक आहे, त्याच्या फलाटावरूनच महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांची सरहद्द जाते. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत, आणि उतारू ज्या बाकावर गाडीची वाट पाहत बसतात त्याचे एक टोक एका राज्यात तर दुसरे दुसऱ्या राज्यात, अशी तेथील रचना आहे. येणाऱ्याजाणाऱ्यास तिचे कौतुक वाटते. परंतु नंदुरबार जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी २००६ सालच्या फेब्रुवारीत कोंबड्या हजारोंनी मरू लागल्या, आणि भारतात तोवर कधीही न आढळलेल्या एका रोगाचे नाव भोपाळच्या प्रयोगशाळेतून बाहेर आले, तेव्हा हीच सरहद्द कारभाऱ्यांपुढे निराळ्या स्वरूपात उभी राहिली. कारण रोगग्रस्त स्थान मध्यबिंदू कल्पून नकाशावर वर्तुळ काढले असता त्याचा काही भाग पलीकडच्या उच्छल तालुक्यात जात होता, आणि एका वर्तुळावर दोन राज्यांच्या दोन पशुसंवर्धन खात्यांचे हुकूम चालावयाचे होते.

प्राणघातक साथ उद्भवली असता निरनिराळ्या राष्ट्रांनी मिळून तिचा प्रतिकार कसा करावा, या प्रश्नाची चर्चा आज कोठवर आली आहे याचा आढावा घेण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले, तेव्हा त्याने नवापूरचे उदाहरण मुद्दाम डोळ्यांपुढे ठेवले. हा प्रश्न जिनिव्हा किंवा पॅरिस येथील परिषदांचा आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती अर्ध्यापुरती खरीही आहे. परंतु त्या परिषदांचे जुने-नवे मसुदे वाचीत गेले म्हणजे ध्यानात येते की, साथीची पहिली वर्दी कोणी द्यावी, कोणास द्यावी, आणि ती दिल्याबद्दल होणारे नुकसान कोणी सोसावे, या तीन बाबींभोवतीच सारा वाद दीडशेहून अधिक वर्षे फिरत आला आहे.

पूर्वपीठिका

राष्ट्राराष्ट्रांत या विषयाचा पहिला विचारविनिमय १८५१ साली पॅरिसमध्ये झाला. पटकीच्या लाटांनी युरोप हैराण झाला होता, आणि प्रत्येक बंदराने जहाजे वेगवेगळ्या मुदतीपर्यंत अडकवून ठेवल्याने व्यापाराचे हाल होत होते. म्हणून बारा राज्यांचे वैद्य व मुत्सद्दी एकत्र आले. पटकी संसर्गाने पसरते की दूषित हवेने, यावर वैद्यांचे एकमत होईना, आणि अडकवणुकीचा काळ किती असावा यावर मुत्सद्द्यांचे होईना. आरोग्य आणि व्यापार यांची ही ओढाताण त्या परिषदेपासून आजतागायत मिटलेली नाही.

आपल्याकडे या विषयाने प्रवेश केला तो मुंबईच्या प्लेगबरोबर. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे निदान केले, तेव्हा ते नाव उच्चारण्याचीच अनेकांस धास्ती होती, कारण मुंबई बंदरास प्लेग लागला असे जाहीर होणे म्हणजे युरोपच्या बंदरांची दारे मुंबईच्या मालास बंद होणे होय. पुढील काही महिन्यांतच व्हेनिस येथे केवळ प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, मुंबईहून होणारी हज यात्रा थांबविण्यात आली, आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा घाईने संमत झाला, जो २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने पुन्हा अंमलात आणला. एकीकडे जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगी टोचून घेतली. दुसरीकडे पुण्यात झडत्यांचा जो जाच झाला त्याची परिणती त्याच वर्षीच्या जूनमध्ये रँडसाहेबाच्या वधात झाली. परदेशी बंदरे खुली राहावीत म्हणून जो बंदोबस्त करावयाचा, त्याचा भार घराघरांतील माणसांवर कसा पडतो, याचा महाराष्ट्राने घेतलेला हा पहिला अनुभव.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्या खेड्यापाड्यांतून 'मानमोडी' म्हणत. जूनमध्ये ती मुंबईच्या गोदीत दिसली, आणि पावसाळ्याच्या अखेरीस तिने इलाखाभर जो संहार केला त्याची बरोबरी दुसऱ्या कोणत्याही साथीने केलेली नाही. हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज एक कोटीच्या पुढेच जातात. महायुद्धाच्या त्या काळात एका देशाने दुसऱ्यास वर्दी देण्याची कसलीही व्यवस्था चालू नव्हती. या 'मानमोडी' शब्दाकडे पुढे परत यावयाचे आहे.

माणसांच्या रोगांसाठी जागतिक आरोग्य संघटना १९४८ मध्ये स्थापन झाली. पण जनावरांच्या रोगांसाठी राष्ट्रे तिच्या चोवीस वर्षे आधीच एकत्र आली होती, आणि त्यास निमित्त हिंदुस्थानातील गुरांचे झाले, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. १९२० साली ब्राझीलकडे निघालेली येथील वशिंडाची गुरे वाटेत अँटवर्प बंदरात उतरविण्यात आली, त्यांच्याबरोबर बुळकांडी बेल्जियमभर पसरली, आणि त्या धक्क्यातून १९२४ मध्ये अठ्ठावीस राष्ट्रांनी पॅरिस येथे जागतिक पशुआरोग्य संघटनेचा पाया घातला. बुळकांडीचे पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. माणसाची देवी १९८० मध्येच गेली होती, आणि तिच्या उच्चाटनात शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांनी एकत्र काम केले होते. सहकार अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी हे दोन दाखले विसरू नयेत.

सुरतेचा धडा

१९६९ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीखाली अखेर तीनच रोगांची वर्दी बंधनकारक उरली होती: पटकी, प्लेग आणि पीतज्वर. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगची आणि पाठोपाठ सप्टेंबरात सुरत शहरी फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली, तेव्हा लक्षावधी लोक काही दिवसांत सुरत सोडून निघाले. मजुरीसाठी तेथे राहिलेली खानदेशातील कुटुंबेही त्यांत होती, आणि त्यांची गावाकडची वाट नवापूर-नंदुरबारवरूनच जात होती. मृत्यूंची संख्या पन्नासाच्या आसपास राहिली. परंतु अनेक देशांनी भारताची विमाने बंद केली, माल अडविला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासबंदीची शिफारस केलेली नसताना हे सर्व घडले.

ज्या रोगाची वर्दी देणे नियमाने बंधनकारक होते त्याच रोगाची वर्दी दिल्याबद्दल एका देशास नियमाबाहेरची शिक्षा झाली. यातून इतर देशांनी काय बोध घेतला असेल हे सांगावयास नको. पुढल्याच वर्षी नियमावलीच्या फेरविचाराचा ठराव झाला, २००३ च्या सार्स साथीने त्यास गती दिली, आणि मे २००५ मध्ये नवी नियमावली संमत झाली. तिच्यात रोगांची यादी हा एकमेव आधार राहिला नाही. आंतरराष्ट्रीय चिंतेची ठरू शकेल अशी कोणतीही घटना, तिचे मूल्यमापन झाल्यापासून चोवीस तासांच्या आत, कळविली पाहिजे असे ठरले. तिचा अंमल १५ जून २००७ रोजी सुरू व्हावयाचा होता. नवापूरची साथ या दोन तारखांच्या मधल्या काळात आली.

नवापूर

नवापुरात आढळलेल्या पक्षिज्वराच्या एच५एन१ या विषाणूचा माग १९९६ साली चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील हंसांपर्यंत जातो. १९९७ मध्ये हाँगकाँगला १८ माणसांस त्याची बाधा होऊन ६ दगावली, आणि तेथील सर्व कोंबड्या मारून ती साथ थांबविण्यात आली. २००५ च्या उन्हाळ्यात छिंगहाय सरोवरावर स्थलांतरी पक्षी मोठ्या संख्येने मेले, आणि त्यानंतर रोग पश्चिमेकडे सरकू लागला. जानेवारी २००६ मध्ये बीजिंग येथे दात्या राष्ट्रांनी सुमारे १९० कोटी डॉलरांचे वचन दिले, आणि त्यानंतर महिनाभरातच, १८ फेब्रुवारी रोजी, नवापूरचे नाव जगाच्या नकाशावर आले.

त्या आधीच्या काही दिवसांत शेडमध्ये पक्षी पटापट मरत होते, तेव्हा पाळणाऱ्यांच्या मनात पहिली शंका आली ती राणीखेत रोगाची, ज्याला आपल्याकडे 'मानमोडी' म्हणतात. १९१८ साली माणसांच्या साथीला पडलेलेच हे नाव. ही शंका अज्ञानातून आली असे म्हणता येणार नाही, कारण दोन्ही रोगांत पक्षी एकाएकी गळून पडतात आणि प्रयोगशाळेवाचून भेद सांगणे अनुभवी पशुवैद्यासही कठीण जाते. निकाल जाहीर झाल्यावरही कुक्कुटव्यवसायातील काही प्रवक्ते ही मानमोडीच आहे असे सांगत राहिले. आपल्या बोलीत कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही असे म्हणतात. पण येथे कोणी जाणूनबुजून कोंबडे झाकले होते की तांबडे फुटले हेच उशिरा उमगले, याविषयी निर्णय देण्याइतका पुरावा प्रस्तुत लेखकापाशी नाही, आणि धोरणाच्या दृष्टीने दुसरी शक्यता अधिक विचारात घेण्याजोगी आहे असे त्यास वाटते.

मेलेल्या पक्ष्यांचे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत, तेथून निकाल दिल्लीस, आणि दिल्लीहून वर्दी पॅरिसच्या पशुआरोग्य संघटनेस, असा एक मार्ग होता. ज्यांना ताप-खोकला होता अशा माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे व दिल्लीस, आणि त्यांची माहिती जिनिव्हास, असा दुसरा. एकाच गावातून, एकाच रोगासाठी, निघणाऱ्या या दोन वाटा दोन मंत्रालयांच्या दोन दप्तरांतून जात होत्या. माणसांचे सर्व नमुने निर्दोष निघाले, ही त्या साथीतील मोठी सुदैवाची गोष्ट.

रोगस्थानापासून तीन किलोमीटरच्या आतील सर्व पक्षी मारावयाचे आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवावयाची, असा हुकूम होता. पांढरे आवरण, हातमोजे, गडद चष्मा आणि मुखपट्टी अशा वेषात पथके शेडमध्ये शिरत. पक्ष्यांच्या माना मुरगळून पोती भरीत. जेसीबीने खणलेल्या खड्ड्यात ती टाकून वर चुना आणि माती लोटीत. अंडी फोडीत आणि खाद्यही पुरीत. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये हे काम कष्टाचे असले तरी सरळ होते. खरी अडचण सुरू होई ती पाड्यांवर. तेथे कोंबडी दिवसा अंगणात, शेजारच्या शेतात, कुडाच्या आडोशाला हिंडते आणि सायंकाळी डालग्याखाली येते. घरटी चार-सहा पक्षी, त्यांतला एक कोंबडा देवाला बोललेला, एक पाहुण्यासाठी राखलेला, आणि अंड्यांचे पैसे घरातल्या बाईच्या हाती येणारे. अशा घरापुढे अनोळखी वेषातील माणसे उभी राहून आजारी नसलेली, डोळ्यांदेखत दाणे टिपणारी कोंबडी मागू लागली म्हणजे तिला आत लपवावेसे वाटणे यात अस्वाभाविक असे काही नाही. पुढील महिन्यात जळगाव जिल्ह्यातील परसातल्या कोंबड्यांत आणि मग मध्यप्रदेशातील बऱ्हाणपूर भागात रोग आढळला. महाराष्ट्र, गुजरात व मध्यप्रदेश मिळून सुमारे १० लाख पक्षी मारण्यात आले, आणि ऑगस्ट २००६ मध्ये भारताने आपण रोगमुक्त झाल्याचे जाहीर केले.

मतभेद कोठे आहेत

पहिला मतभेद व्यापाराचा. पशुआरोग्य संघटनेचे मत असे की, रोग जेथे आढळला तेवढ्याच प्रदेशाच्या मालावर बंदी असावी, साऱ्या देशावर नको. कारण सरसकट बंदीचे भय असेल तर कोणताही देश वर्दी देण्यास कचरेल. भारताने मात्र जेथे हा रोग आढळेल त्या संपूर्ण देशातून पक्षी व अंडी आणण्यास मनाई केली होती, आणि तिच्यामागे कोट्यवधी घरांच्या परसात पसरलेला आपला कुक्कुटधंदा एकदा बाधला तर आवरणार नाही, ही साधार भीती होती. अमेरिकेने २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि जून २०१५ मध्ये अपिलाचा निकाल भारताविरुद्ध गेला. पुढे २०२३ मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांतील निवडक कुक्कुटगृहे रोगमुक्त असल्याचे भारताने स्वतः जाहीर केले, म्हणजे प्रदेश तोडून पाहण्याचे तेच तत्त्व आता आपल्या निर्यातीच्या कामी आले. सरसकट बंदीचा बचाव करणाऱ्यांचे म्हणणे तेवढ्याने खोटे ठरत नाही; परसातील पक्ष्यांना निवडक घटकांची ही सोय लागू पडत नाही, ही वस्तुस्थिती कायमच आहे.

दुसरा मतभेद मारावे की टोचावे हा. चीन, व्हिएतनाम, इजिप्त व इंडोनेशिया यांनी लसीकरणाचा मार्ग धरला. फ्रान्सने २०२३ पासून बदकांना लस देणे सुरू केले. लसीमुळे मृत्यू थांबतात, पण विषाणू पक्ष्यांत गुप्तपणे फिरत राहतो आणि साथ दृष्टीआड होते, हा विरोधकांचा आक्षेप. कोट्यवधी निरोगी पक्ष्यांचा संहार दर काही वर्षांनी करीत राहणे ना परवडणारे ना मनास पटणारे, हे समर्थकांचे उत्तर. या घातक प्रकाराविरुद्ध भारत अजून मारण्याच्याच धोरणावर आहे. दोन्ही बाजूंपाशी विज्ञान आहे, आणि फरक आहे तो निगराणी किती दाट ठेवता येईल याच्या अंदाजाचा.

तिसरा मतभेद अधिक मूलगामी आहे. २००६ च्या अखेरीस इंडोनेशियाने आपल्या रुग्णांचे विषाणू-नमुने देण्यास नकार दिला. आम्ही नमुने फुकट द्यावेत, त्यांवरून श्रीमंत देशांतील कारखान्यांनी लस करावी, आणि ती आम्हांस विकत घेणेही परवडू नये, हा कोणता सहकार, असा त्या देशाच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांचा सवाल होता. साथीच्या काळात नमुना अडविणे म्हणजे सर्वांचा जीव टांगणीला लावणे, हे प्रत्युत्तरही वजनदार होते. २०११ मध्ये इन्फ्लुएंझापुरती तडजोड झाली, तिच्यानुसार नमुने वापरणाऱ्या कंपन्यांवर लस व निधी यांची देणी बसली. इतर रोगांसाठी अशी व्यवस्था नव्हती, आणि कोविडच्या काळात तिची उणीव उघडी पडली. पुण्याच्या सीरम संस्थेतून गरीब देशांस जाणारी लस २०२१ मध्ये भारतातील दुसऱ्या लाटेत थांबली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक देशांची मोहीम अडली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची वर्दी तत्परतेने दिली आणि काही तासांतच तिची विमाने बंद झाली. सुरतेस सत्तावीस वर्षे लोटली होती, आणि नवी नियमावली अंमलात येऊनही चौदा.

चौथा मतभेद अधिकाराचा. हेलन क्लार्क आणि एलेन जॉन्सन सरलीफ यांच्या स्वतंत्र समितीने मे २०२१ मध्ये सुचविले की, आरोग्य संघटनेस पूर्वपरवानगीवाचून साथीच्या स्थळी पोहोचण्याचा अधिकार असावा. सार्वभौमत्वाचा आग्रह धरणाऱ्या राष्ट्रांस हे मानवले नाही. २० मे २०२५ रोजी जो महामारी करार संमत झाला, त्यात कोणत्याही देशावर टाळेबंदी किंवा लसीकरण लादण्याचा अधिकार संघटनेस नाही असे स्पष्ट कलम घालावे लागले. आणि नमुने व लाभ यांच्या वाटपाचा कळीचा भाग परिशिष्टासाठी राखून ठेवावा लागला. त्याच वर्षाच्या आरंभी अमेरिकेने संघटनेतून बाहेर पडण्याची नोटीस दिली होती, त्यामुळे मोठा खर्च उचलणाराच पंक्तीतून उठल्यावर उरलेल्यांनी काय करावयाचे, हा प्रश्नही आता या वादात येऊन मिळाला आहे.

जे अजून ठरावयाचे आहे

माणसाचे आरोग्य आणि जनावराचे आरोग्य ही एकाच दप्तरात आली पाहिजेत, याविषयी आता तत्त्वतः दुमत राहिलेले नाही. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीत पक्षिज्वरावर मंत्र्यांची जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली तिच्यातून 'एक आरोग्य' या कल्पनेस राजमान्यता मिळू लागली; २०२२ च्या डिसेंबरात नागपुरात त्यासाठी राष्ट्रीय संस्थेची कोनशिला बसली; आणि महामारी निधीतून भारताच्या पशुआरोग्य व्यवस्थेसाठी अडीच कोटी डॉलर मंजूर झाले आहेत. निकड किती आहे हे त्याच नागपुराजवळ गोरेवाडा येथे २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने मेले तेव्हा दिसले. अमेरिकेत त्याच वर्षी हा विषाणू दुभत्या गाईंत शिरला. माणसांत २००३ पासून जगभर नऊशेहून अधिक बाधा नोंदल्या गेल्या आणि त्यांत निम्म्याच्या आसपास माणसे दगावली. भारतातील पहिला मृत्यू जुलै २०२१ मध्ये हरियाणातील एका अकरा वर्षांच्या मुलाचा. तालुक्याचा पशुवैद्य आणि तालुक्याचा वैद्यकीय अधिकारी यांनी रोजच्या कामात एकमेकांस काय व कसे कळवावे, ही रीत मात्र अद्याप सर्वत्र घडलेली नाही.

आणि नुकसानभरपाई. प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या चर्चेत हिचा वाटा सर्वांत कमी आणि वजन सर्वांत अधिक आहे. २००६ साली अंड्यावरच्या कोंबडीमागे सुमारे ४० रुपये मिळाले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात पक्षिज्वर पुन्हा आला, लाखो पक्षी पुन्हा मारले गेले, आणि तोवर दर वाढले होते: मोठ्या अंड्यावरच्या कोंबडीस ९० रुपये, अंड्यास ३ रुपये, खाद्यास किलोमागे १२ रुपये, आणि खर्च केंद्र व राज्य यांच्यात निम्मानिम्मा. ही रक्कम मिळते ती पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. त्यामागील हेतू उघड आहे की, पाळणाऱ्याने पक्षी जिवंत असतानाच लवकर वर्दी द्यावी. परंतु पहिला पक्षी मेल्यापासून नमुना भोपाळला पोहोचून निकाल परत येईपर्यंत जे दिवस जातात, त्यांत शेडमधले पक्षी मरतच असतात. ज्याने पहिल्याच दिवशी वर्दी दिली त्याचेही मरतात. त्या पक्ष्यांसाठी पंचनाम्याच्या कागदावर आजही रकाना नाही.